इमारत नंबर सात, खोली अकरा

एका मासिकाच्या संपादकांचं पत्र आलं, की नाताळ अंकासाठी तुमच्या सेवेतल्या काही आठवणी लिहा, आणि वाचणाऱ्याला धीर येईल असं लिहा. पत्र वाचून माझी भाची खो खो हसली. कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत मी गॅस बंद करते आणि मग डाळ कच्ची राहिली म्हणून घरादाराला बोल लावते, हे तिने लहानपणापासून पाहिलंय. धीर या विषयावर माझ्याकडून लिहून घ्यायचं म्हणजे संपादकांची माणसं ओळखण्यात काहीतरी गफलत झाली असणार. पण मागितलंय तर लिहिते. माझी चूक आहे, ती मीच सांगितलेली बरी. दुसऱ्या कुणी सांगितली तर मला राग येईल.

मी बायबलबाई होते. हल्लीच्या मुलांना हा शब्द सांगितला की त्यांना वाटतं मी दारोदार पुस्तकं विकत होते. तसं नव्हे. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या ख्रिस्ती समाजातल्या, घरांना भेटी द्यायच्या, शास्त्रातला एखादा भाग वाचायचा, प्रार्थना करायची, आजारी माणसाजवळ बसायचं, बाळंतिणीची विचारपूस करायची, नवराबायकोत अबोला असेल तर दोघांचंही ऐकून घ्यायचं, आणि रविवारी मुलांचा वर्ग घ्यायचा. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, व्यासपीठावरून जे सांगतात तेच बायबलबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून सांगते, एवढाच फरक.

माझ्याआधी हे काम केलेल्या थोरल्या बाईंनी मला काही गोष्टी शिकवल्या होत्या. नळाला पाणी यायच्या वेळी कुणाच्या दारात जायचं नाही. पलंगावर बसायचं नाही, स्टूल नाहीतर जमीन. चहाला नको म्हणायचं नाही, अर्धा कप म्हणायचं. आणि गॅसवर दूध ठेवलेलं असेल तर प्रार्थना दूध वर यायच्या आत संपली पाहिजे, कारण डोळे मिटले तरी बाईचं लक्ष पातेल्यातच असतं. शास्त्राच्या शाळेत मी दोन वर्षं जे शिकले त्यापेक्षा हे मला जास्त उपयोगी पडलं.

मी मूळची नगरकडची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून या सेवेत आले. मला वाशीला पाठवलं तेव्हा खाडीवरचा पूल होऊन थोडीच वर्षं झाली होती. इमारती नव्या, रस्ते रुंद आणि रिकामे, झाडं गुडघ्याएवढी. सगळ्या इमारतींना एकच रंग. माणसं स्वतःच्या घरी जाताना खालून मोजत जायची. आपली कुटुंबं या वस्तीत इकडेतिकडे पसरलेली होती. कुणी तुर्भ्याच्या कारखान्यात, कुणी मुंबईला ऑफिसात, एक-दोन घरं तर कोपरखैरणे गावापाशी. देऊळ नव्हतं. देऊळ म्हणजे आमचं चर्च, आम्ही देऊळच म्हणतो. एका बालवाडीची खोली रविवारी दुपारी मिळायची. लहान मुलांच्या बुटक्या बाकांवर मोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसायची. पाळकसाहेब महिन्याच्या पहिल्या रविवारी मुंबईहून यायचे आणि प्रभुभोजन द्यायचे, म्हणजे प्रभूच्या आठवणीसाठी भाकर आणि द्राक्षारस. बाकीचे रविवार माझ्यावर.

आणि यायचं कोण? पहिल्या वर्षी पंधरा-सोळा माणसं असायची. दुसऱ्या वर्षी नऊवर आली. आमचे एक शिंदे होते. मी त्यांच्याकडे गेले की ते हटकून आंघोळीला गेलेले असायचे. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, कधीही जा, शिंदे आंघोळीला. एकदा मी ठरवलं, आज बसायचंच. दीड तास बसले. बायको बिचारी तीनदा चहा करून थकली. शेवटी शिंदे बाहेर आले, हातापायांच्या सुरकुत्या पडलेल्या, आणि म्हणाले, अरे, बाई कधी आल्या? मी म्हटलं, तुम्ही कोरडे होता तेव्हा आले. पण रविवारी ते आले नाहीतच.

मला दर महिन्याला वरती एक रिपोर्ट पाठवावा लागायचा. छापील कागद होता. भेटी, आजारी, मुलांचा वर्ग असे रकाने, आणि शेवटच्या रकान्याचं नाव होतं फळ. म्हणजे तुमच्या कामाने कोण सुधारलं, कोण मंडळीत परत आलं, काय झालं ते लिहा. तो रकाना बघितला की माझं डोकं फिरायचं. महिन्यामागून महिने मी तिथे एक आडवी रेघ मारत होते. बायकांना मी सांगायचे, आपलं प्रतिफळ प्रभूकडे आहे, त्याच्या वेळेला तो देईल, तुम्ही फक्त धरून राहा. आणि सांगता सांगता माझी नजर घड्याळावर. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला मी राजीनामा लिहिला. नगरला मुलींच्या वसतिगृहात जागा रिकामी होती, बहीण बोलावत होती. कागद घडी करून पिशवीत ठेवला. पाठवायचा तेवढा राहिला होता.

आता साळव्यांचं सांगते. मी वाशीत आले त्याच वर्षी एका गावच्या पाळकांचं पत्र आलं होतं. आमच्या मंडळीतले साळवे कुटुंब आपल्याकडे राहायला आले आहे, घरात वयस्कर माणूस आहे, चालता येत नाही, तरी दर गुरुवारी भेट द्यावी, त्यांनाही तसं कळवलं आहे. पत्ता: इमारत नंबर सात, खोली अकरा, वाशी. मी शोधत गेले. माझ्याच सेक्टरमधली सात नंबरची इमारत, तळमजल्यावर अकरावी खोली, दारावर पाटी साळवे. कडी वाजवली. दार उघडलं ते सुनेने, कमल तिचं नाव. आत खाटेवर तिची सासू, गंगूबाई, दोन्ही गुडघे सुजलेले. मी सलाम म्हटलं. आमच्यात नमस्काराच्या जागी सलाम म्हणतात. कमल जरा घुटमळली, मग म्हणाली, या ना.

मी मनात म्हटलं, सलाम घेता येईना, म्हणजे हे कुटुंब अगदीच थंडावलेलं दिसतंय. आणि लागले कामाला.

दर गुरुवारी जायचे. गंगूबाईंना मी मावशी म्हणायला लागले. त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळायचं, चोळता चोळता एखादं गीत म्हणायचं, शास्त्रातली गोष्ट सांगायची आणि गुडघ्यांवर हात ठेवून प्रार्थना करायची. मावशी साताऱ्याकडच्या, गप्पिष्ट. या नव्या घरात त्यांच्याशी बोलायला कुणी नव्हतं. मुलगा दत्तू तुर्भ्याला शिफ्टमध्ये, सून घरकामात, नातवंडं शाळेत. मी गेले की खाटेवर हात आपटून म्हणायच्या, बस हितं. थोरल्या बाईंचा पलंगाचा नियम मी त्या एका घरात मोडला.

दत्तू घरी सापडला की मी त्याला सोडायची नाही. रविवारी का येत नाहीस, आईबापांनी हेच शिकवलं का, मुलांना तरी पाठव. तो खाली मान घालून म्हणायचा, शिफ्ट असते हो बाई. पण मुलांना त्याने पाठवलं. त्याची धाकटी मुलगी आमच्या वर्गात सगळ्यात खणखणीत गायची. मी रिपोर्टात लिहिलं, साळवे कुटुंब, थंडावलेलं, प्रयत्न चालू.

दीड वर्ष असं गेलं. आणि मग त्याच गावच्या पाळकांचं दुसरं पत्र आलं. त्यात होतं, साळवे गुरुजींचं पत्र मिळालं, तब्येत बरी नाही असं दिसतं. आपल्याला वेळ झाला नसावा, कारण गुरुजी लिहितात, बाई अजून यायच्या आहेत.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. दीड वर्ष एक गुरुवार चुकवला नाही, पावसात गेले, तापात गेले, आणि माझी तक्रार? आणि हे गुरुजी कोण उपटले? त्या दिवशी गुरुवारच होता. पत्र घेऊन तशीच साळव्यांकडे गेले. दत्तूची रात्रपाळी होती, म्हणून तो घरी होता. मी पत्र त्याच्यापुढे धरलं आणि विचारलं, तुमच्यातल्या कुणी लिहिलंय हे?

दत्तूने पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाला, "बाई, आमच्यात कुणी गुरुजी नाहीत. आणि आम्ही ख्रिस्ती पण नाही."

मी कमलकडे बघितलं. ती म्हणाली, तिला वाटत होतं मी मिशनच्या दवाखान्यातून सासूच्या गुडघ्यांसाठी येते. पिशवी असायची, वही असायची, तेल चोळायची. नव्या वस्तीत अशा बाया फिरायच्याच. प्रार्थना करते तर चांगलंच आहे की, देवाचं नाव कुणीही घ्यावं. मुलांना रविवारी पाठवायला सांगितलं, तर तिला वाटलं दवाखान्याचीच बालवाडी असेल.

हसावं का रडावं कळेना. दीड वर्ष मी एका भल्या माणसाला त्याच्याच घरात, जो धर्म त्याचा नाही त्या धर्माला जागत नाही म्हणून झापत होते, आणि तो शिफ्ट आहे म्हणून माफी मागत होता. गंगूमावशी मात्र तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"मला ठावं हुतं," त्या म्हणाल्या. "तू म्हनलीस, तुमच्या पाळकाचं पत्र आलंय. तवाच कळलं, ही बाई दार चुकली."

"मग सांगितलं का नाही मावशी?"

"सांगितलं असतं तर तू आली असतीस व्हय?"

आले नसते, हे खरंच होतं.

पण मग ते गुरुजी कुठे होते? दत्तूच्याच ध्यानात आलं. म्हणाला, बाई, इमारतींचे नंबर प्रत्येक सेक्टरला एकापासून सुरू होतात. सात नंबर इथे पण आहे, पुढच्या सेक्टरला पण आहे, त्याच्या पुढच्याला पण. गावाकडच्या माणसाला सेक्टर काय माहीत, त्याने नुसतं वाशी लिहिलं असणार. दारावरची साळवे पाटी बघून मी पुढे विचारलंच नव्हतं. साळवे काय, आमच्यातही असतात, सगळ्यांतच असतात. मी कागदासाठी पिशवीत हात घातला तर राजीनामाच हाताला आला. त्याच्याच पाठीवर दत्तूने मला रस्ते काढून दिले.

दुसरा सात नंबर चुकला, तिथे अकराव्या खोलीत एक गुजराती कुटुंब होतं. तिसरा सात नंबर नाल्यापलीकडे. जिने चढून दुसऱ्या मजल्यावर गेले. अकरा नंबरच्या दाराला बाहेरून कुलूप. शेजारची बाई बाहेर आली. म्हणाली, मुलगा-सून कामाला जातात, आजोबांना उठता येत नाही, किल्ली माझ्याकडे असते. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, गुरुवारी येणार येणार म्हणतात त्या तुम्हीच का? आजोबा दर गुरुवारी कोट घालून बसतात.

तिने कुलूप काढलं. खाटेवर भिंतीला टेकून एक म्हातारा बसला होता. पायजम्यावर काळा कोट, सगळी बटणं लावलेली, केस ओले करून बसवलेले. समोर रिकामी खुर्ची. स्टुलावर दोन कप झाकून ठेवलेले. मी दारातच उभी राहिले.

"सलाम बाई," ते म्हणाले. "या. रस्ता लांब पडला का?"

मी खुर्चीवर बसले आणि रडले. त्यांनी रडू दिलं. मग मी सगळं सांगितलं, चुकलेलं दार, गंगूमावशी, दीड वर्ष. ते साळवे गुरुजी, मिशनच्या शाळेत तीस वर्षं पहिलीचे मास्तर. पत्नी गेल्यावर पाय गेले, तेव्हापासून मुलाकडे. मुलाला देवाधर्मात रस नव्हता, पण वडिलांना कोट मात्र तो दर गुरुवारी न विसरता घालून जायचा. मी म्हटलं, गुरुजी, तुम्ही आधीच पत्र का नाही टाकलंत, राग कसा नाही आला?

"राग कशाला? तुम्ही येणार होतातच," ते म्हणाले. "वाट बघायची तर रिकामं कशाला बसायचं, म्हणून गुरुवारची प्रार्थना मी एकटाच चालवायचो. तुमच्यासाठी करायचो. जी कोण बाई असेल तिला थकू देऊ नकोस, म्हणून."

मी माझी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते. तिच्यात राजीनामा होता. लिहिल्यापासून तो पाठवायचा म्हणून मी तीनदा पोस्टापर्यंत गेले होते आणि तीनदा काहीतरी कारण निघून परत आले होते. एकदा तिकिटं संपली, एकदा वाटेत शिंद्यांची बायको भेटली, एकदा नुसताच कंटाळा आला. मी आपली समजत होते की माझीच चिकाटी दांडगी.

मी त्यांना फळाच्या रकान्याचं सांगितलं, आडव्या रेघांचं. गुरुजी हसले. म्हणाले, पहिलीच्या मास्तराचं असंच असतं. पोराला वाचता यायला लागलं की पोर दुसरीत जातं. पुढे त्याने काय वाचलं ते पहिलीच्या मास्तराला कुणी सांगायला येत नाही. तरी पुढच्या जूनला तो पुन्हा अ-आ पासून सुरू करतोच. निकाल लावणारा वेगळा आहे, बाई, तो रकाना तुम्ही कशाला भरता?

त्यांना एकच गोष्ट हवी होती. पाय गेल्यापासून त्यांना प्रभुभोजन मिळालं नव्हतं. मी म्हटलं, पाळकसाहेबांना घरी घेऊन येते. तर म्हणाले, घरी नको, मला मंडळीत बसायचंय, माणसांत. श्वास घेताना त्यांना धाप लागत होती, ओठ निळसर दिसत होते. शेजारणीने मला जिन्यात सांगितलं, डॉक्टरांनी मुलाला स्पष्ट सांगितलंय, फार दिवस धरू नका. महिन्याचा पहिला रविवार तीन दिवसांवर होता. तो हुकला तर पुढचा मिळेल याची कुणी खात्री देत नव्हतं.

दोन मजले, अरुंद जिना, आणि माझ्या मंडळीत नऊ माणसं, त्यांतल्या सहा बायका आणि उरलेले तिघे म्हातारे. मी परत आले ती थेट दत्तूकडे. मला संकोच वाटत होता, ज्याला इतकं झापलं त्याच्याकडे कोणत्या तोंडाने मागायचं? त्याने मला वाक्य पुरं करू दिलं नाही. म्हणाला, त्या म्हाताऱ्याचे गुरुवार माझ्या आईने खाल्लेत बाई, एक रविवार तरी देतो.

रविवारी दत्तू आपल्या शिफ्टमधले दोघे घेऊन आला. चौथा माणूस कमी पडत होता. मी शिंद्यांच्या दारात गेले आणि बायकोला म्हटलं, आंघोळीला गेले असतील तर तसेच ओले बाहेर या म्हणावं, काम आहे. शिंदे आले. खरोखर आले. चौघांनी गुरुजींना लाकडी खुर्चीत बसवून, कमरेला धोतर बांधून, एकेक पायरी खाली आणलं. गुरुजींचा मुलगा पुढे जिन्यात वळणावर उभा राहून, सांभाळून, सांभाळून म्हणत होता. मग रस्त्याने तशीच खुर्ची उचलून बालवाडीपर्यंत. लोक गॅलरीत येऊन बघत होते. गुरुजी कोटाची बटणं चाचपत सगळ्यांना सलाम करत होते.

गंगूमावशी कमलच्या खांद्यावर भार टाकून आल्या आणि मागे बसल्या. मेजावर पांढरं कापड, बायकांनी डोक्यावरून पदर घेतलेले. पाळकसाहेबांनी भाकर मोडली. पेला मीच गुरुजींच्या ओठांना लावला. त्यांनी घेतलं आणि डोळे मिटले. मागे दत्तू आणि त्याचे दोस्त दाराशी चपला काढून हात जोडून उभे होते. शिंदे रडत होते. त्या दिवसानंतर शिंदे फारसे चुकले नाहीत, हेही सांगायला हवं.

घरी जाताना मावशींनी विचारलं, तो म्हातारा तुझ्यासाठी काय म्हनायचा? मी सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, रोज? मी म्हटलं, दर गुरुवारी.

त्या महिन्याचा रिपोर्ट लिहिताना फळाच्या रकान्यापाशी माझा हात थांबला. किती लिहिता आलं असतं! पण मी रेघही मारली नाही आणि काही लिहिलंही नाही. तसाच कोरा सोडला, आणि त्यानंतर नेहमीच सोडला. वरून एकदा विचारणा झाली, मी उत्तर दिलं नाही.

गुरुजी आणखी तीन महिने होते. दोन वेळा आम्ही त्यांना असंच खुर्चीतून नेलं. तिसरी खेप यायच्या आधीच ते गेले, कोट घालूनच पुरलं त्यांना. माझे गुरुवार मात्र चालू राहिले, दुपारी मावशींकडे, आणि मुलगा-सून कामावरून आले की संध्याकाळी गुरुजींच्या घरी. मावशी कधी ख्रिस्ती झाल्या नाहीत, मी विचारलं नाही, त्यांनी विषय काढला नाही. मी जायचे, तेल चोळायचे. नगरच्या वसतिगृहातली जागा केव्हाच भरली. राजीनाम्याचा कागद दत्तूच्या रस्त्यांसकट माझ्या ट्रंकेत आहे.

मावशी सात-आठ वर्षांनी गेल्या. दहाव्याला मी गेले होते. कमलने मला आत स्वयंपाकघरात बोलावून देवाचा फळीवरचा कोपरा दाखवला. म्हणाली, "बाई, एक सांगायचं राहिलंय. गुरुजी गेल्यापासून आई दर गुरुवारी इथे दिवा लावून म्हणायच्या, त्या म्हाताऱ्याची पाळी आता माजी हाय देवा, आमच्या बाईला थकू दिऊ नगंस. एक गुरुवार चुकवला नाही त्यांनी. शेवटी उठता येईना, तर मला दिवा लावायला लावायच्या आणि खाटेवरून म्हणायच्या."

गेल्या वर्षी मी सेवेतून मोकळी झाले. निरोपाच्या सभेत पाळकसाहेब म्हणाले, बाईंनी इतकी वर्षं न थकता सेवा केली. टाळ्या वाजल्या. मी खाली मान घालून बसले होते, लोकांना वाटलं बाई नम्र आहेत. मी दोन म्हाताऱ्या माणसांची नावं मनात घेत होते.